शाळेची नवी नियमावली: बूट, घड्याळ, मोबाइल आणि सात दहाला बंद होणारं फाटक

नंदनवनची_आई

नमस्कार मंडळी. मुलगी आठवीत आहे. शाळा नागपुरातलीच, सीबीएसईची, विनाअनुदानित. नाव मुद्दाम लिहीत नाही. आपल्या विदर्भातल्या शाळा राज्याच्या मागून, जूनच्या शेवटाकडे उघडतात. यंदा पहिल्याच दिवशी मुलांच्या हाती चार पानांची नियमावली आली आणि खाली पालकांची सही मागितली आहे.

त्यातलं मुख्य असं. बाराही महिने लेसचे काळे चामडी बूट आणि गुडघ्यापर्यंत मोजे. केस खांद्याखाली असतील तर दोन वेण्या, काळी रिबीन. मेंदी चालणार नाही. स्वेटर फक्त शाळेचा. स्मार्टवॉच बंद. मोबाइल सापडला तर वर्ष संपेपर्यंत जप्त. सकाळी ७.१० ला फाटक बंद, नंतर आलेल्या मुलाला घरी परत, आणि तीनदा उशीर झाला की एक गैरहजेरी. हजेरी ८५ टक्के नसेल तर वार्षिक परीक्षेला बसता येणार नाही.

गणवेश मला हवाच आहे. वर्गात मोबाइल नको, यावरही माझं दुमत नाही. माझं भांडण फाटकाशी आहे. इंदोरा ते दिघोरी उड्डाणपुलाचं काम सुरू झाल्यापासून आमच्या बाजूचा रस्ता कधी कुठून वळवतील याचा नेम नाही. गेल्या आठवड्यात व्हॅन दोन मिनिटं उशिरा पोचली. व्हॅनवाल्याला पुढच्या शाळेची मुलं सोडायची होती, तो निघून गेला. चौकीदार आत घेईना. माझी मुलगी आणि पाचवीतली दोन लहान मुलं भर रस्त्याच्या कडेला, दप्तर पाठीवर तसंच ठेवून उभी. माझं ऑफिस सदरला. मी पोचेपर्यंत ती पोरं तिथेच होती. पाचवीतला एक जण रडून रडून हिचा हात सोडायला तयार नव्हता.

सही करू का? पालकसभेत हे कसं मांडू? तुमच्या शाळांत काय चालतं?

तर्रीवाला_भाऊ

एप्रिलमधी चामडी बूट अन् गुडघ्यापर्यंत मोजे? ज्यानं हा नियम केला त्याले एक दिवस दुपारी साडेबाराले पोट्ट्याइच्या व्हॅनमधी बसवा ताई. दुसऱ्या दिवशी चपलेचं परिपत्रक निघते का नाही ते पाहा.

निवृत्त_हेडमास्तर

नंदनवनची_आई, प्रथम शाळेची बाजू मांडतो, कारण ती मी अनेक वर्षं सांभाळली आहे. पहिला तास म्हणजे बहुधा गणित किंवा इंग्रजी. दर पाच मिनिटांनी दार उघडून एकेक मूल आत येत राहिलं तर शिक्षकाची लय तुटते आणि वेळेवर आलेल्या चाळीस मुलांचं नुकसान होतं. उशिराला काही किंमत नसेल तर महिन्याभरात निम्मा वर्ग साडेसातला येऊ लागतो. हे मी पाहिलेलं आहे.

गणवेशाचंही तसंच. काटोलकडच्या शाळेत असताना संत्र्याच्या बागायतदाराची मुलं आणि त्याच बागेत तोडणीला जाणाऱ्या मजुरांची मुलं एका बाकावर बसत. कपड्यांवरून कोण कोण ते कळत नसे, आणि कळू नये म्हणूनच मी गणवेशाबाबत कडक होतो.

पण मूल फाटकापर्यंत आलं की ते शाळेचं. त्याला बाहेर ठेवायचा अधिकार कोणत्याही हेडमास्तरला नाही असं माझं ठाम मत आहे. आमच्याकडे उशिरा येणाऱ्यांची वेगळी वही असे. मूल आत येई, नाव लिही, पहिला तास संपेपर्यंत वाचनालयात बसे आणि दुसऱ्या तासाला वर्गात जाई. महिन्याच्या शेवटी ज्याची नावं जास्त, त्याच्या वडिलांना मी बोलावत असे. मुलाला नव्हे, वडिलांना. दहा वर्षांच्या मुलाने व्हॅन चालवायची नसते.

महालची_सून

@निवृत्त_हेडमास्तर सर, वाचनालयाची कल्पना आवडली. आमच्याकडे उशीर झाला की मैदानाला फेऱ्या मारायला लावतात. जुलैच्या दमट उकाड्यात घामाने भिजून वर्गात बसलेलं मूल काय शिकणार?

आणि दोन वेण्यांबद्दल कुणीच कसं बोललं नाही? सात दहाचं फाटक म्हणजे पावणेसहाला उठून वेण्या. माझ्या दोन मुली आहेत. चार वेण्या, चार रिबिनी, तीही काळोखात. केस बांधलेले असावेत, डोळ्यांवर येऊ नयेत, उवा पसरू नयेत, इथपर्यंत सगळं पटतं. एक घट्ट वेणी किंवा अंबाडा घातला तर यातलं काय बिघडतं ते शाळेने सांगावं.

वकिली_नजर

काही गोष्टी कायद्याच्या अंगाने.

शिक्षण हक्क कायदा, २००९. कलम १७ नुसार मुलाला शारीरिक शिक्षा किंवा मानसिक त्रास देता येत नाही. उन्हातल्या फेऱ्या त्यात बसतात. कलम १६ नुसार प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत, म्हणजे आठवीपर्यंत, मुलाला शाळेतून काढून टाकता येत नाही. त्यामुळे "नियम मोडल्यास दाखला हातात देऊ" असं एखाद्या कलमात लिहिलं असेल तर आठवीच्या मुलीच्या बाबतीत ते टिकणार नाही.

हजेरी. ७५ टक्क्यांची अट सीबीएसईची आहे, आणि ती दहावी-बारावीच्या बोर्डाच्या परीक्षेसाठी. राज्य मंडळाचीही ७५ च आहे. आजारपणासारख्या खऱ्या कारणासाठी कागदपत्रं दिल्यास बोर्ड उरलेल्या २५ टक्क्यांत सवलत देतं. आठवीला ८५ हा तुमच्या शाळेचा स्वतःचा आकडा आहे. सहावी ते आठवीसाठी कायद्याने वर्षाला किमान २२० दिवस शाळा भरावी लागते. त्याच्या ८५ टक्के म्हणजे १८७ दिवस. वर्षभरात ३३ दिवस मोकळे राहतात. ऐकायला पुष्कळ वाटतात, पण त्यातून तीन उशिरांची एक गैरहजेरी वजा करत चला, वर एक डेंग्यू धरा, मग बघा.

मोबाइल. दिल्ली उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये एका केंद्रीय विद्यालयाच्या प्रकरणात म्हटलं की शाळेत स्मार्टफोनवर सरसकट बंदी योग्य नाही. शाळेने धोरण आखावं, शक्य असेल तिथे फोन सुरक्षित ठेवायची सोय करावी, वर्गात वापर नको, फोटो-चित्रीकरण नको. शिस्तीसाठी फोन ताब्यात घेणंही त्यांनी गैर मानलेलं नाही. आपल्याकडच्या शाळांवर तो निकाल थेट बंधनकारक नाही, पण सभेत दाखवण्याजोगा आहे. फोन वर्षभर ठेवून घेणं मात्र मला पटत नाही. वस्तू पालकांच्या मालकीची आहे. दुसऱ्या दिवशी पालकांना बोलावून, लेखी समज देऊन परत करावी.

सहीबद्दल: "वाचले" असं लिहून सही करा. "मान्य" असं लिहायची घाई करू नका.

शिलाई_मशीन

इतवारीत माझं शाळेच्या गणवेशाचं काम आहे, वडिलांपासून. म्हणून कापडाबद्दल बोलतो.

बहुतेक शाळांचं पँट-स्कर्टचं कापड पॉलिएस्टर-व्हिस्कोस असतं. लोक त्याला नावं ठेवतात, पण पावसाळ्यात रात्री धुतलेली पँट सकाळपर्यंत वाळते, इस्त्री नसली तरी चालते, रंग उडत नाही. सुती कापड दोन महिन्यांत विटतं आणि ज्या घरात एकच जोड आहे त्या घरी ओलं घालून जावं लागतं. म्हणून सगळंच सुती करा असं मी म्हणणार नाही. शर्ट मात्र सुती मिश्रणाचा आणि अर्ध्या बाहीचा हवाच. अंगाला लागतो तो शर्ट.

दुसरं म्हणजे वाढीव माप. आठवीतलं मूल वर्षात चार बोटं उंच होतं. मी पँटच्या खाली आणि स्कर्टच्या घेराला आत कापड दुमडून ठेवतो, दिवाळीत आईने उसवलं की वर्ष निघतं. तयार गणवेशात कंपनीवाले कापड वाचवतात, दुमडायला काही नसतं. पालकांनी घेताना कड उलटी करून पाहावी, दुकानदार काही म्हणत नाही.

आणि अमुकच दुकानातून घ्या अशी सक्ती शाळेला करता येत नाही, हे शिक्षण खात्याने कितीदा बजावलं आहे. सभेत विचारा.

तर्रीवाला_भाऊ

@शिलाई_मशीन भाऊ, सरकारी शाळेच्या गणवेशाचं काय झालं होतं ते सांगा ना. माह्या भाच्याले कपडेच आले नव्हते कितीक दिवस.

शिलाई_मशीन

ते "एक राज्य, एक गणवेश". २०२४-२५ मध्ये राज्याने कापड एकाच ठिकाणाहून घेतलं, शिलाई बचत गटांकडे दिली. एकाच मापाच्या गठ्ठ्यात वेगवेगळ्या अंगाची मुलं बसवायची म्हटल्यावर जे व्हायचं ते झालं. वेळेवर आलं नाही, आलं ते अंगाला बसलं नाही. शेवटी डिसेंबर २०२४ मध्ये हे काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे गेलं. दोन गणवेशांचे ६०० रुपये मिळतात, म्हणजे एकाचे ३००, कापड आणि शिलाई धरून. त्यात चांगलं काम करून देणारे शिंपी आहेत नागपुरात, पण पैसे हाती वेळेवर पडले तर.

उत्तर_नागपूरची

मी सहसा नुसती वाचते. "स्वेटर फक्त शाळेचा" हे वाचून राहवलं नाही.

माझ्या मुलाला सिकलसेल आहे, एसएस, म्हणजे आई-वडील दोघांकडून आलेला. विदर्भात कितीतरी घरांत हे आहे, इथे वाचणाऱ्यांतही असतील. थंडी लागली, पाणी कमी पडलं, अंगमेहनत जास्त झाली की रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या होऊन नसांत अडकतात आणि हाडांत असह्य कळा येतात. नागपूरची डिसेंबर-जानेवारीची सकाळ तुम्हाला माहीत आहे. सात वाजता ऑटोत उघड्यावर बसून वारा लागतो. शाळेचा स्वेटर म्हणजे बिनबाहीचा, पातळ, ॲक्रिलिकचा. मी त्यावर जाड निळं जॅकेट घातलं तर प्रार्थनेच्या रांगेत ते काढायला लावलं. मुलाने काढलं, कारण तो शहाणा मुलगा आहे, बाईंचं ऐकतो. त्याच रात्री मी त्याला घेऊन मेडिकलला, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात, होते. सकाळपर्यंत त्याचे पाय चोळत बसले आणि तो मला विचारत होता, आई, उद्याची हजेरी गेली का?

पुढे मी कागद जमवले. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ च्या यादीत सिकलसेल आहे. त्याचा आधार घेऊन अर्ज दिला. वर्गात पाण्याची बाटली बाकावर, थंडीत जाड जॅकेट, पी.टी.ला सूट, आणि आजारपणाची रजा हजेरीच्या हिशोबात वेगळी. नव्या मुख्याध्यापिका बाईंनी सगळं मान्य केलं, वर्गशिक्षिकेला लेखी दिलं. नियम तोच आहे, मुलगाही तोच आहे, फक्त बाईंनी एकदा ऐकून घेतलं.

म्हणून नंदनवनची_आई, नियमावलीत "वैद्यकीय कारण असल्यास सूट" ही ओळ आहे का ते आधी बघा. नसेल तर तीच पहिली मागा.

महालची_सून

ताई, वाचून गलबलून आलं. पाण्याच्या बाटलीला सुद्धा अर्ज करावा लागतो?

उत्तर_नागपूरची

हो. तासाच्या मधे पाणी प्यायचं नाही असा नियम होता. आता सगळ्याच मुलांना चालतं.

खडू_आणि_फळा

मी एका खासगी शाळेत शिकवते. सगळे मोबाइलकडे पालकांच्या बाजूने बघत आहेत, म्हणून आमची बाजू.

आमच्या एका सहशिक्षिकेचं वर्गात पाठमोरं असताना चित्रीकरण झालं. फळ्यावर लिहिताना. त्यावर गाणं लावून ते मुलांच्या ग्रुपवर फिरलं. ती बाई पंधरा वर्षं गणित शिकवत होती, त्यानंतर तिने फळ्याकडे वळणं सोडलं, पाठ भिंतीला लावून शिकवायची. स्मार्टवॉचमध्ये कॅमेरा, रेकॉर्डिंग, चाचणीत उत्तरं पाठवणं, सगळं होतं. त्यामुळे घड्याळ साधं, काट्यांचं, आणि फोन फाटकाच्या आत नको, यावर मी मागे हटणार नाही.

आणि पोशाखाचे नियम फक्त मुलांना असतात असं समजू नका. मार्च २०२४ मध्ये राज्य सरकारने शिक्षकांसाठीही काढले. जीन्स नको, टी-शर्ट नको, भडक रंग नकोत. साडी किंवा सलवार-कुर्ता, पुरुषांना शर्ट आत खोचून. मला त्यात अडचण वाटली नाही, पण आम्हाला विचारलं असतं तर बरं वाटलं असतं. मुलांनाही हेच वाटत असणार.

दहावी_ब

मी विद्यार्थिनी आहे, आईच्या परवानगीने लिहितेय. मॅडम, तुमच्या सहशिक्षिकेबाबत जे झालं ते फार वाईट आहे, असं करणाऱ्यांचा आम्हालाही राग येतो.

पण वर्षभर जप्तीचं खरं काय होतं सांगते. मुलं घरातला बंद पडलेला जुना फोन दप्तरात ठेवतात. पकडलं की तो देतात. खरा मोज्यात असतो. गुडघ्यापर्यंतचे मोजे त्यासाठी फार सोयीचे आहेत.

आणि आम्हाला फोन खेळायला नको असतो. शाळा सुटल्यावर मी थेट धरमपेठला क्लासला जाते, मेट्रोने, सीताबर्डीला गाडी बदलून. क्लास उशिरा सुटला तर घरी कळवायचं कसं? शाळेने सकाळी फोन जमा करून घ्यावा आणि सुटताना द्यावा. वर्गनिहाय पेटी, वर नाव. काही शाळांत आहे असं. शिवाय गृहपाठ रात्री व्हॉट्सॲपवर येतो, तो फोन नसलेल्या मैत्रिणीला मीच वाचून दाखवते.

खडू_आणि_फळा

@दहावी_ब बाळा, पेटीची सूचना चांगली आहे. अडचण एकच, चाळीस महागडे फोन एका पेटीत, एखादा हरवला तर जबाबदारी वर्गशिक्षकाची. साधा बटणाचा फोनच जमा होईल असं ठरलं तर मी स्वतः पेटी सांभाळायला तयार आहे. मोज्यांचं लक्षात ठेवते.

अकरावीचा_बाप

तुम्ही आठवीच्या ८५ टक्क्यांवर भांडताय, इकडे अकरावी-बारावीला उलटं आहे. नाव एका कॉलेजात, मूल दिवसभर नीट-जेईईच्या क्लासमध्ये. कॉलेजची पायरी चढायची ती प्रॅक्टिकलला. हे मोडण्यासाठी सरकारने २०१८ मध्ये विज्ञान शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांत बायोमेट्रिक हजेरी सक्तीची केली, नागपूरही त्यात होतं. पुढे काय झालं ते ज्यांची मुलं त्या वयाची आहेत त्यांनी आपल्या आजूबाजूला पाहावं.

मला याचा संताप येतो. दोन मिनिटं उशिरा आलेलं पाचवीतलं पोर रस्त्यावर उभं, आणि दोन वर्षं कॉलेजात न आलेल्याची हजेरी पूर्ण. हजेरीचा अर्थ मूल वर्गात शिकतंय असा असेल तर आलेल्या मुलाला परत पाठवणं आणि न आलेल्याला हजर दाखवणं ही एकाच जातीची लबाडी आहे.

पोळ्याची_सुट्टी

मेंदीवर बंदी आहे म्हणताय, श्रावणात काय करतात मग? मंगळागौर, राखी, सगळं त्यातच येतं. आमच्या वेळी तान्ह्या पोळ्याच्या दिवशी मारबत, म्हणजे मोठाल्या पुतळ्यांची मिरवणूक, बघायला अख्खा वर्ग जागनाथ बुधवारीकडे असायचा, त्या दिवशी हजेरी घ्यायची कुणाची हिंमत नव्हती.

निवृत्त_हेडमास्तर

मारबतीच्या दिवशी स्थानिक सुट्टीच असते हो, हजेरी घेणार कोण! मेंदीबद्दल मात्र गंभीरपणे सांगतो. सणाची मेंदी आठ-दहा दिवसांत उतरते. ती पुसून काढायला लावणं, हातावर पट्टी मारणं हे प्रकार मी ऐकले आहेत. मुलगी आजीच्या घरून आनंदाने आलेली असते. तिचा हात धरून "कोणी काढली गं?" असं विचारावं आणि वर्गात बसवावं.

उन्हाबद्दलही एक. शाळांचं वेळापत्रक पुण्या-मुंबईच्या हवेवर ठरतं हे आपलं जुनं दुखणं आहे. २०२५ मध्ये पहिली ते नववीच्या परीक्षा राज्यभर एकाच वेळापत्रकाने थेट २५ एप्रिलपर्यंत नेल्या. नागपुरात त्या दिवसांत काय तापतं हे ठरवणाऱ्यांना ठाऊक नसावं. म्हणून निदान बुटांचा निर्णय तरी शाळेने इथली हवा पाहून घ्यावा. मार्चपासून कापडी काळे बूट आणि आखूड सुती मोजे, एवढंच लिहायचं आहे.

नंदनवनची_आई

सगळ्यांचे आभार. उत्तर_नागपूरची ताई, तुमचं लिहिलेलं नवऱ्याला आणि मुलीला दोघांनाही वाचून दाखवलं. नियमावली पुन्हा तपासली. वैद्यकीय सूट फक्त हजेरीच्या कलमात आहे, तीही "शाळेला योग्य वाटल्यास". कपड्यांच्या पानावर एक अक्षर नाही.

आमच्या व्हॅनमधल्या आणि शेजारच्या इमारतीतल्या पालकांशी बोलले. बरेच जण म्हणाले, आवाज केला तर मुलांवर राग काढतील. ही भीती खोटी आहे असं मी म्हणू शकत नाही. पण काही जण सही करायला तयार झाले. अर्ज असा लिहिला आहे, सुधारणा सांगा:

"मा. मुख्याध्यापिका यांस, गणवेश, वर्गात मोबाइल व स्मार्टवॉचवर बंदी आणि वेळेचे पालन या नियमांना आमचा पाठिंबा आहे. पुढील बदल करावेत ही विनंती. उशिरा आलेल्या विद्यार्थ्यास फाटकाबाहेर न ठेवता आत घ्यावे, नोंद करावी व पालकांस कळवावे. उशिराचे रूपांतर गैरहजेरीत करू नये. वैद्यकीय कारणासाठी पोशाख, पाणी व हजेरी यांत लेखी सूट द्यावी. मार्च, एप्रिल व जूनमध्ये कापडी बूट चालावेत. क्लासला जाणाऱ्या मुलांचे साधे फोन सकाळी जमा करून सुटताना द्यावेत."

वेण्यांचं आत्ता घातलेलं नाही. महालची_सून, रागावू नका, सगळं एकदम मागितलं तर फाटक मागे पडेल अशी भीती वाटते.

महालची_सून

रागावत नाही. फाटक आधी. वेण्या मी आमच्या शाळेत लढते.

वकिली_नजर

मसुदा चांगला आहे. दोन गोष्टी. "करावेत ही विनंती"च्या पुढे "याबाबतचा निर्णय पुढील पालकसभेपूर्वी लेखी कळवावा" असं जोडा. आणि अर्जाची एक प्रत पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीला द्या. २०११ च्या शुल्क नियमन कायद्यानुसार प्रत्येक खासगी विनाअनुदानित शाळेत ती असायला हवी, पालक सदस्य चिठ्ठ्या टाकून निवडले जातात. तिचं मुख्य काम फीचं, पण पालकांचं म्हणणं शाळेपर्यंत नेणारे तेच लोक. यंदाची समिती झाली का, तुमच्या वर्गातून कोणाची चिठ्ठी निघाली, ते विचारा. शाळेच्या कार्यालयात दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्यायचा. तोंडी "ठेवून जा" म्हणाले तर थांबा, शिक्का मिळेपर्यंत हलू नका.

तर्रीवाला_भाऊ

ताई, व्हॅनवाल्याची बी सही घ्या त्या अर्जावर. मी बी व्हॅनच चालवतो. आमाले दोन शाळा कराव्या लागतेत, एका शाळेच्या फेरीत डिझेल निघत नाही. पण फाटक बंद दिसलं तर पोट्टे रस्त्यावर सोडून जायचं नाही, हे आमी आमच्या ग्रुपवर ठरवून राहिलो. पुढच्या शाळेले उशीर झाला तर होऊ द्या. तिथल्या हेडमास्तरले आमी सांगू.

नंदनवनची_आई

भाऊ, तुमची सही सगळ्यात वर घेते. सोमवारी सकाळी अर्ज देणार आहे. त्या पाचवीतल्या मुलाची आईही येते आहे सोबत.